कोठारातील पांढरी पूड
(न्यासाच्या महोत्सवात कोठार व पाकशाळा समितीच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या महोत्सवाच्या व्याख्यानमालेत आपण संतचरित्रे ऐकली, होळकरशाहीचा इतिहास ऐकला, संगीतावरील सुंदर विवेचनही ऐकले. त्या मानाने आमचा विषय अगदीच रुक्ष आहे. कोठारातील डबे, पिंपे, पोती आणि त्यांतील पांढऱ्या पुडी यांविषयी बोलण्यास आम्ही उभे आहोत. विश्वस्त मंडळींनी हा विषय आम्हांस दिला त्यास एक कारण घडले आहे आणि ते कारण आमच्याच चुकीचे असल्यामुळे, दुसऱ्या कोणी सांगण्यापूर्वी आम्हीच ते सांगावे हे बरे.

आपल्या वार्षिक महाप्रसादाची मोठी पातेली, कढया आणि पराती साध्या साबणाने निघत नाहीत. तेलाची कीट बसलेली असते. म्हणून त्या वर्षी आम्ही घाऊक बाजारातून धुण्याची एक पांढरी पूड सुटी आणली. स्वस्त मिळाली याचा आनंदच झाला होता. पिशवी फाटू लागली तेव्हा आमच्यापैकी एकाने ती पूड एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ओतली. तो डबा पूर्वी खाण्याच्या सोड्याचा होता. डब्यावरची जुनी चिठ्ठी तशीच राहिली आणि डबा मांडणीवर आपल्या नेहमीच्या जागी, हळद आणि हिंगाशेजारी, जाऊन बसला.

महाप्रसादाच्या दिवशी भज्यांचे पीठ भिजवले जात होते. मदतीला आलेल्या एका मुलाने सोडा म्हणून त्या डब्यातील मूठभर पूड पिठात टाकली. पीठ कालवणाऱ्या काकूंनी हात थांबवला. पिवळे पीठ तांबडे होऊ लागले होते. "सोड्याने पीठ एवढे तांबडे होत नाही रे," असे म्हणून त्यांनी डबा मागवला, आणि स्वयंपाकघरात अनुभवी माणसे जे करतात तेच केले. पुडीची चिमूट जिभेवर ठेवली.

त्या क्षणी त्यांची जीभ आणि ओठ भाजल्यासारखे झाले. मग जो गोंधळ उडाला त्याची आठवण झाली की आजही आमची मान खाली जाते. एकजण लिंबू घेऊन धावला, दुसरा तूप घेऊन आला, तिसऱ्याने मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा आग्रह धरला. त्या वेळी पंगतीची पाने मांडणारे, पंचाहत्तरी ओलांडलेले आमचे एक आबा पुढे आले. त्यांची हयात इंदुरातल्या एका कापड गिरणीत बॉयलरवर गेलेली. त्यांनी पूड पाहिली, तिचे खडे पाहिले, पाण्याचा थेंब टाकून बोटांत तिचा बुळबुळीतपणा पाहिला, लगेच हात धुतले आणि म्हणाले, "ही ट्रायसोडियम फॉस्फेट दिसते. आम्ही बॉयलरच्या पाण्यात टाकत असू. लिंबू नको, ओकारी नको. तोंडात पाणी घेऊन चुळा भरा, भरपूर भरा, आणि रिक्षा बोलवा."

काकूंना रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणती पूड?" आमच्या हातातील डब्यावर लिहिले होते, 'खाण्याचा सोडा'. दुकानास त्या दिवशी सुटी. आबांचा अंदाज नसता तर सांगण्यासारखे आमच्यापाशी काहीच नव्हते. ईश्वरकृपेने पूड गिळली गेली नव्हती. जिभेवरचे फोड काही दिवसांत बरे झाले आणि पुढच्या वर्षी काकू पुन्हा पीठ कालवायला बसल्या. पण त्यांनी ते तांबडे पीठ पाहून हात थांबवला नसता, तर ती भजी कितीशे पानांवर गेली असती हा हिशेब आम्ही त्या रात्री करीत बसलो होतो.

या प्रसंगानंतर आम्ही मंडळींनी जे वाचले, विचारले आणि शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो. आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे. परंतु हे ज्ञान घराघरात असणे अवश्य आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

प्रथम या पदार्थांची ओळख करून घेऊ. फॉस्फरस हे मूलद्रव्य हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रँड याने 1669 साली मूत्रापासून वेगळे केले. ते काही परके द्रव्य नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 700 ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला बहुतेक भाग हाडांत व दातांत कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपाने असतो. फॉस्फरसाचा ऑक्सिजनाशी जो एक विशिष्ट संयोग होतो त्यास फॉस्फेट म्हणतात आणि त्याचे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम यांच्याशी झालेले क्षार म्हणजे फॉस्फेट क्षार. बेकरीच्या बेकिंग पावडरीत, डब्यातल्या चीजमध्ये, शेतातल्या खतात, भांडी व फरशी धुण्याच्या पुडीत, बॉयलरच्या पाण्यात, अशा नाना ठिकाणी ते असतात.

पण एका कुटुंबातील माणसांचे स्वभाव जसे सारखे नसतात, तसेच यांचेही आहे. बेकरीतले फॉस्फेट सौम्य आहे. ट्रायसोडियम फॉस्फेट मात्र तीव्र अल्कली आहे. आम्लता व अल्कली मोजण्याचे जे मान आहे त्यास पीएच म्हणतात. शुद्ध पाणी 7 वर, खाण्याच्या सोड्याचे पाणी सव्वाआठच्या आसपास आणि ट्रायसोडियम फॉस्फेटचे एक टक्क्याचे पाणी सुमारे 12 वर असते. या मानात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. तेव्हा सोडा आणि ही पूड दिसायला बहिणी असल्या तरी तीव्रतेत काही हजार पटींचे अंतर आहे. बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो तो आपल्याच कातडीच्या स्निग्धांशाचा साबण होऊ लागल्याचा असतो. डोळ्याच्या बुबुळावर हीच क्रिया झाली तर दृष्टी जाऊ शकते.

हळद तांबडी का झाली तेही यावरून कळेल. हळदीचा रंग अल्कलीने तांबडा होतो. चुन्याच्या निवळीने हळदीचे कुंकू करतात हे आपल्या माताभगिनींना ठाऊकच आहे. हे ज्ञान काकूंच्या हातात होते, म्हणून अनर्थ टळला. परंतु हळद सगळीच विषे ओळखत नाही आणि जिभेने परीक्षा करणे तर केव्हाही वर्ज्य आहे. संशय आला की डबा बाजूला ठेवावा, चाखू नये, हुंगू नये.

आता हाताळणी. आमच्याकडून चार चुका झाल्या होत्या आणि आजचे चार नियम त्यांतूनच निघाले आहेत.

पहिला नियम असा की सुटी व निनावी पूड आणू नये. मूळ बंद पिशवी घ्यावी, जिच्यावर द्रव्याचे नाव, बनविणाऱ्याचे नाव आणि सूचना छापलेल्या असतात. घाऊक रसायनाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक मिळते. ते मागून घ्यावे. आम्ही आता ते कोठाराच्या दाराच्या आतल्या बाजूस टांगून ठेवतो, म्हणजे घाईच्या वेळी शोधावे लागत नाही.

दुसरा नियम, खाण्याच्या डब्यात न खाण्याची वस्तू आणि न खाण्याच्या डब्यात खाण्याची वस्तू कधीही भरू नये, डबा कितीही घासून स्वच्छ केलेला असो. या नियमाचे मोल सांगण्यास बिहारमधील एक घटना पुरेशी आहे. 16 जुलै 2013 रोजी सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेच्या मध्यान्ह भोजनात 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या भांड्यातून आले असावे असा निष्कर्ष निघाला. स्वयंपाकिणीने तेलाविषयी शंका बोलून दाखविली होती, पण ती मानली गेली नाही, असेही तेव्हाच्या वृत्तांत आले होते. आमच्या काकूंचा शब्द आम्ही मानला आणि तिकडे मानला गेला नाही, एवढाच काय तो फरक. एतदर्थ आमची विनंती आहे की पाकशाळेत काम करणाऱ्या बाईने वा मुलाने "हे नेहमीसारखे दिसत नाही" असे म्हटले, तर पंगत अर्धा तास उशिरा बसली तरी चालेल, पण तिथेच थांबावे.

तिसरा नियम जागेचा. धुण्याची व शेतीची द्रव्ये स्वयंपाकघरात नकोतच. ती स्वतंत्र कपाटात, कुलूप लावून, जमिनीपासून थोडी उंच पण डोळ्यांच्या खाली ठेवावी. उंच मांडणीवरून डबा काढताना झाकण निसटले तर पूड थेट डोळ्यांत जाते. जागा कोरडी हवी. ही पूड ओल शोषून घेते आणि तिचे ढेकळ होते. ढेकूळ फोडताना उडालेला बारका खडाही डोळा दुखविण्यास पुरे आहे.

चौथा नियम हातांचा. रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, अंगभर कपडे. पाण्यात पूड थोडी थोडी टाकावी. पुडीच्या ढिगावर पाणी ओतू नये, कारण उष्णता निर्माण होऊन शिंतोडे उडतात. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना ही पूड लावू नये, ती धातूस खाते. संडास धुण्याचे ॲसिड आणि ही पूड एकत्र करू नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर मुळीच एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. भांडी धुतल्यावर साध्या पाण्याने तीनदा खळबळावी.

इतके करूनही अपघात होतोच. तेव्हा काय करावे ते नीट लक्षात ठेवावे.

डोळ्यांत गेली तर एक क्षणही न दवडता वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा. पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्या, डोके दुखऱ्या डोळ्याच्या बाजूस कलते ठेवावे म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. हे निदान पंधरा ते वीस मिनिटे, घड्याळ लावून करावे. माणूस ओरडतो, दोन मिनिटांत "पुरे" म्हणतो. पण थांबू नये. गुलाबपाणी, दूध, मध, तूप, काजळ यांपैकी काही घालू नये. त्यानंतर, वाटले बरे तरीही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. अल्कलीचे भाजणे आत आत शिरत जाते आणि आरंभी ते फारसे दिसत नाही.

येथे इंदूरकरांना एक विशेष सूचना करावीशी वाटते. नर्मदेचे पाणी आपल्या शहरात 1978 साली आले आणि आपली फार मोठी विवंचना मिटली. तरी पुष्कळ वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. अपघात नळाची वेळ पाहून होत नाही. म्हणून जेथे अशी द्रव्ये वापरली जातात तेथे स्वच्छ पाण्याचे झाकलेले पिंप आणि तोटीचा लोटा नेहमी भरलेला असावा. आम्ही ते पिंप निळ्या रंगाने रंगवले आहे आणि त्यातील पाणी इतर कामास घेण्याची मनाई आहे.

अंगावर पूड पडली तर प्रथम कोरड्या फडक्याने झटकावी, माखलेले कपडे काढावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. त्या वेळी कपड्यांचा संकोच करू नये. पोटात गेली तर तोंड धुवावे, शुद्धीवर असल्यास घोट घोट पाणी द्यावे, ओकारी काढू नये. जी पूड जाताना अन्ननलिका भाजते ती परत येतानाही भाजते. लिंबू वा व्हिनेगर पाजून ती मारण्याचा प्रयत्न करू नये, त्याने उष्णता निर्माण होऊन दुखापत वाढते. श्वासात गेली तर मोकळ्या हवेत न्यावे. आणि प्रत्येक वेळी मूळ पिशवी वा तिचे वेष्टन रुग्णाबरोबर न्यावे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि सर्व प्रकारच्या संकटासाठी 112 हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विषबाधेविषयी माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र आहे. 1800 116 117 या क्रमांकावर तेथे विनामूल्य विचारता येते. पण फोन लागेपर्यंत पाण्याचे काम थांबवू नये.

पूड जमिनीवर सांडली तर मुलांना बाहेर काढावे, पंखा बंद करावा, पूड न उडवता कोरडीच गोळा करून झाकणाच्या डब्यात भरावी आणि उरलेला अंश पाण्याने पुसून काढावा. आधीच पाणी ओतले तर फरशी साबणासारखी निसरडी होते आणि एका अपघाताचे दोन होतात.

आता एका अक्षराचा भेद. ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फॉस्फेट आणि फॉस्फाईड ही दोन नावे कानाला सारखी लागतात, पण दुसरे नाव मृत्यूचे आहे. माळव्यात उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्याची रीत आहे. त्यात कीड लागू नये म्हणून काही घरांत बाजारात 'सल्फास' नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या कोठीत टाकतात. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतील ओल लागताच त्यांतून फॉस्फीन हा वायू निघतो. तो किड्यास मारतो तसाच माणसासही मारतो आणि त्यावर नेमका उतारा वैद्यकशास्त्रास अद्याप सापडलेला नाही. ज्या खोलीत धान्याला या गोळ्या लावल्या त्याच खोलीत वा शेजारच्या खोलीत निजलेली मुले सकाळी उठलीच नाहीत, अशा घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. कायद्यानेही या द्रव्याचा वापर सरकारी यंत्रणा व मान्यताप्राप्त कीडनियंत्रक यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे. गृहस्थाच्या कोठीसाठी ते नाहीच.

तेव्हा ज्यांच्या घरी अशा गोळ्या असतील त्यांनी कृपा करून त्या घरात वापरू नयेत. आपल्या आज्या गहू कडक उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवीत. त्यात श्रम आहेत, पण जिवास धोका नाही. आणि चुकून कोठे लसणासारखा वा सडक्या मासळीसारखा वास आला आणि घरात अशा गोळ्या आहेत असे कळले, तर प्रथम सर्वांनी बाहेर पडावे, जाता जाता दारे खिडक्या उघडता आल्या तर उघडाव्या आणि 112 वर सांगावे. वास आला नाही म्हणजे वायू नाही असेही समजू नये. मुख्य म्हणजे त्या गोळ्यांवर पाणी ओतू नये. फॉस्फेटाच्या अपघातात पाणी हेच औषध, तर फॉस्फाईडच्या गोळीवर पाणी पडले की वायूचा लोट उठतो आणि प्रसंगी पेटही घेतो. म्हणूनच आम्ही म्हणतो की द्रव्याचे नाव ठाऊक असल्याखेरीज उपाय करता येत नाही. आपल्या शेजारच्या भोपाळात 2 व 3 डिसेंबर 1984 च्या रात्री जो हाहाकार झाला, तेथेही टाकीत पाणी शिरून क्रिया सुरू झाली होती. वायू कोणता, त्यावर काय करावे, हे वस्तीतल्या माणसांना कोणी सांगितलेले नव्हते.

या कुळातील तिसरी शाखा म्हणजे सेंद्रिय फॉस्फेटांची कीटकनाशके. वर सांगितलेले मोनोक्रोटोफॉस त्यांतलेच. ही द्रव्ये केवळ तोंडावाटे नव्हे, तर कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरतात. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मरण पावले आणि शेकडोंना रुग्णालयात ठेवावे लागले. आपल्यापैकी अनेकांची शेते देवास, महू, सांवेर या बाजूस आहेत. गड्याच्या हाती फवारणीचा पंप देताना त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा, हातात मोजे आणि तोंडावर योग्य मुखवटा आहे की नाही हे पाहणे मालकाचे कर्तव्य आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. फवारताना तंबाखू वा बिडी नको. तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक होणे, धाप लागणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून कपडे काढावे, साबणपाण्याने सर्वांग धुवावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. मदत करणाराने स्वतःच्या हातांत मोजे घालावे. यावर रुग्णालयात ॲट्रोपीनसारखे उपचार उपलब्ध आहेत आणि वेळेवर पोचलेला माणूस पुष्कळदा वाचतो.

खतांविषयी थोडेसे. सोयाबीनच्या पेरणीआधी आपल्या घरांच्या पडव्यांत डीएपी आणि सुपर फॉस्फेट यांची पोती येऊन पडतात. सुपर फॉस्फेट ही जुनी वस्तू आहे. इंग्लंडात लॉज याने 1842 साली तिचे पेटंट घेतले आणि आपल्या देशात 1906 साली राणीपेट येथे पहिला कारखाना निघाला. ही खते स्वतः पेट घेणारी नाहीत. मात्र डीएपीचे पोते चुन्याजवळ वा राखेजवळ ठेवले आणि ओल लागली, तर त्यातून अमोनिया निघून डोळे व घसा चुरचुरू लागतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, धान्यापासून वेगळी ठेवावी आणि रिकाम्या पोत्यांत धान्य भरू नये. साठा कसला आहे हे शेजाऱ्यांसही ठाऊक असावे. झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे 12 सप्टेंबर 2015 रोजी दाट वस्तीत साठविलेल्या स्फोटकांनी कित्येक कुटुंबे उद्ध्वस्त केली. 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरूत बंदरात सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली. ही द्रव्ये फॉस्फेटे नव्हेत. पण पोत्यात काय आहे याची वाच्यता नसणे हा दोष दोन्ही ठिकाणी होता. म्हणून कोठे धूर दिसला तर पाहावयास गर्दी करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने दूर व्हावे.

घरातील वृद्धांसाठी एक सूचना. पोट साफ करण्याची काही औषधे व एनिमा सोडियम फॉस्फेटची असतात. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांना, तसेच लहान बालकांना, ती डॉक्टरांस विचारल्यावाचून देऊ नयेत. रक्तातील फॉस्फेट वाढून गंभीर प्रसंग ओढवतो.

आणि उरलेली पूड गटारीत ओतू नये. ती खान नदीत जाते, जिला आता कान्ह म्हणतात, आणि पुढे क्षिप्रेस मिळते. शेतास खत म्हणून जे उपकारक तेच पाण्यात जास्त झाले की शेवाळ माजते, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. याच इंदुरात 1924 साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा व शेण यांचे खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. टाकाऊ वस्तू जागच्या जागी उपयोगी लावावी, ही शिकवण ज्या गावाने जगास दिली त्याच्या नदीत आपण विष सोडू नये.

शेवटी, समितीने काय केले ते सांगून आपली रजा घेतो. धुण्याची द्रव्ये आता अंगणापलीकडच्या कपाटात असतात. कुलपाच्या दोन किल्ल्या, दोन जबाबदार माणसांकडे. प्रत्येक डब्यावर द्रव्याचे नाव, आणल्याची तारीख आणि 'खाण्याचे नव्हे' ही अक्षरे मराठीत व हिंदीत ठळक लिहिली आहेत. वाचता न येणाऱ्यांसाठी तांबडा पट्टा ओढला आहे. वहीत आवक-जावक लिहिली जाते. दर वर्षी महाप्रसादाच्या आठवडाभर आधी आबा मुलांना बोलावून डोळा धुण्याची रंगीत तालीम घेतात. पहिल्या वर्षी मुले हसली. दुसऱ्या वर्षी एका मुलाने घरी जाऊन आपल्या धाकट्या भावाच्या डोळ्यांत गेलेला चुना त्याच रीतीने वीस मिनिटे धुतला आणि मग दवाखान्यात नेला. त्या बालकाचा डोळा सुखरूप आहे. तो आज या सभेत पुढच्या रांगेत बसला आहे. तेव्हापासून तालमीस कोणी हसत नाही.

आमची आपल्याला एवढीच प्रार्थना आहे. आज घरी गेल्यावर मोरीतले, माळ्यावरचे आणि पडवीतले डबे एकदा उतरवून पाहावे. ज्याचे नाव सांगता येत नाही असा एकही डबा घरात राहू देऊ नये. जुन्या चिठ्ठ्या काढून टाकाव्या. आणि स्वयंपाकघरातील काकू जर म्हणाल्या की पीठ नेहमीसारखे दिसत नाही, तर त्यांचे ऐकावे.

 पंगती बसण्याची वेळ झाली आहे. आजची भजी निःशंक मनाने खावी, सोडा आम्ही स्वतः पाहिला आहे.